लिहून घेणार

मराठी खरेदीखतात विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ म्हणतात आणि विकत घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’. खरं तर दोघांपैकी कुणीच काही लिहीत नाही. लिहितो वकील, किंवा बरेचदा त्याच्याकडचा टायपिस्ट, जुन्या मसुद्यातली नावं आणि चतुःसीमा बदलून. गेल्या वर्षी मी पुण्यात घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न मला हाच पडला. हे लिहून घेण्यासाठी मधली माणसं कितपत लागतात? सगळं स्वतःचं स्वतः करता येईल का?

प्रश्न कंजूषपणातून आला नव्हता. निदान सगळा तरी नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी गोष्ट कळली नाही तर तिचे मूळ कागद काढून वाचायचे, ही आमच्या धंद्यातली सवय. त्यात ऑफिसात ज्यांनी घरं घेतली होती त्यांना विचारलं, तर वेगळीच गंमत दिसली. एजंटाला एक-दोन टक्के जवळजवळ सगळ्यांनी दिले होते. स्वतःचा वकील मात्र दोघांनीच केला होता. बाकीच्यांचं उत्तर एकच: “बँकेचा वकील बघतो की!” म्हणजे घर दाखवणाऱ्याला सत्तर हजार, आणि त्या घराचे कागद वाचणाऱ्याला शून्य. हे असं का, ते कुणालाच सांगता येईना. सगळे तसंच करतात, एवढंच.

मला घर सापडलं ते कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या फाटकावर. ‘टू बीएचके विकणे आहे. मध्यस्थ नको’ असा हाताने लिहिलेला कागद तिथे चिकटवला होता. इमारत १९९४ ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. विकणारे काका साठीच्या पुढचे, मुलगा बंगळुरूला, आता तिकडेच राहायला जायचं म्हणून विकत होते. घासाघीस करून किंमत ७२ लाखांवर आली.

यातले पैसे कुणाचे, हे सांगितल्याशिवाय पुढच्या गोष्टीला अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे बँकेचे ५७ लाख ६० हजार, आणि उरलेले १४ लाख ४० हजार माझे. वर मुद्रांक शुल्क. पुणे महापालिका हद्दीत ते सगळे अधिभार धरून सात टक्के पडतं. एकट्या बाईच्या नावावर घर असेल तर एक टक्का सूट मिळते, म्हणून मला सहा टक्के, ४ लाख ३२ हजार. नोंदणी फी ३० हजार. बेरीज १९ लाख २ हजार. त्यातले ९ लाख बाबांचे. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आणि कराडच्या दोन खोल्यांत राहतात. ते ९ लाख म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतलं जे काही उरलं होतं ते. देताना म्हणाले, “कागद नीट बघ. मला त्यातलं कळत नाही.” तेव्हा धोका कुठे आहे ते मला स्पष्ट दिसत होतं. बँकेचं बुडालं तर बँक बघून घेईल. हे ९ लाख परत उभे करायला बाबांकडे वय नव्हतं.

मग मी कामाचे तुकडे पाडले. कोण काय करतं, आणि त्यातलं मला काय करता येईल?

एजंट घर शोधतो, भाव जुळवतो, चाव्या सांभाळतो. त्याची गरज फाटकावरच्या कागदाने संपवली होती. बाजारभावाचा अंदाज घ्यायला आजूबाजूच्या व्यवहारांचे नोंदलेले आकडे पुरे होतात आणि ते पाहायला पैसे पडत नाहीत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सोय आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक भरला की त्या वर्षी त्या मिळकतीवर नोंदलेले दस्त दिसतात, आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे जिला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती, उघडता येते. कोणी कोणाला दिलं, किती मोबदला, सरकारी बाजारभाव किती, क्षेत्रफळ, तारीख, भरलेलं शुल्क, सगळं एका पानावर.

त्यात खाचखळगे आहेत, पण ते सरावाने कळतात. कर्वेनगर नावाचं गाव महसुली दप्तरात नाही. तिथे ते हिंगणे बुद्रुक आहे. सर्व्हे नंबर एका दस्तात तिरप्या रेघेने लिहिलेला, दुसऱ्यात अधिक चिन्हाने. कॅप्चा तीनदा चुकतो. आणि सगळ्यांत अडचणीचं म्हणजे रिकामी यादी येते. रिकाम्या यादीचा अर्थ दस्तच नाही असा घ्यायचा, की माझा शोध चुकला असा? आमच्या कामात अशा वेळी ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे अशी माहिती घालून बघतात. नोंदलेला म्हणून मला खात्रीने ठाऊक असलेला दस्त एकच होता: आईचं हक्कसोडपत्र.

आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं. २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच हक्क आला. त्यानंतर आमच्या नात्यात दिवाळीच्या सुट्टीत बहिणींना तालुक्याच्या गावी नेऊन सह्या घेण्याचा एक हंगामच येऊन गेला. आईची सही २००९ साली झाली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. कचेरीच्या बाहेर मामाने मला वडापाव घेऊन दिला होता, एवढंच आठवतं. मामाच्या गटाचा नंबर महाभूलेखवर नावावरून सापडला, तो ई-सर्चमध्ये घातला, आणि एका मिनिटात पान उघडलं. चार बहिणी लिहून देणार, दोन भाऊ लिहून घेणार. मोबदल्याच्या रकान्यात शून्य.

शोध बरोबर चालत होता. मी परत हिंगणे बुद्रुकला आले.

पुढचे तीन आठवडे ऑफिसनंतर हेच केलं. सोसायटीच्या जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं होतं, म्हणजे इमारतीखालची जमीन बिल्डरच्या नावावर न राहता सोसायटीच्या नावावर आली होती. ते मिळकत पत्रिकेवर दिसलं. पुण्यातल्या कितीतरी जुन्या इमारतींचं अजून तेवढंही झालेलं नसतं. महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला होता. मिळकतकर भरलेला होता. काकांनी घरावर कर्ज काढलेलं नव्हतं, म्हणजे मूळ कागद कुठल्या बँकेत अडकलेले नव्हते. सोसायटीने सभासदत्व बदलण्यासाठी ‘ऐच्छिक देणगी’ मागितली, तेव्हा हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा २५ हजार ठरवणारा २००१ चा शासन आदेश मी चेअरमनना छापून नेऊन दिला. ऐच्छिक देणगीचा विषय परत निघाला नाही.

कर कापण्याचं कळलं तेव्हा मजा वाटली. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का कापून सरकारजमा करायचा असतो. म्हणजे काकांचा ७२ हजारांचा कर मी भरायचा आणि तशी पावती त्यांना द्यायची. विकणारा परदेशी राहत असेल तर हिशेब पार वेगळा होतो आणि कितीतरी जास्त रक्कम कापावी लागते. पण काका पुण्याचेच. फॉर्म ऑनलाइन असतो आणि भरायला वीस मिनिटं लागतात.

थोडक्यात, लोक ज्या कामांसाठी पैसे देतात त्यांतली बरीचशी कामं चिकाटीची आहेत. वाचता येतं, वेळ आहे आणि कंटाळा गिळता येतो, अशा कुणालाही ती जमतील. हे मी अजूनही म्हणते.

नवं घर घेत असते तर थोडा आधार कायद्याचाही मिळाला असता. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून लागू झालेल्या रेरामुळे बिल्डरला करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, प्रकल्पाचे कागद संकेतस्थळावर टाकावे लागतात. तीस वर्षं जुन्या घराला यातलं काही लागू नाही. तिथे फक्त विकणारा, घेणारा आणि मधले कागद.

आणि त्या कागदांमागे सरकार उभं नाही. हे मला उशिरा, पण टोकन देण्याच्या आधी उमगलं. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची होत नाही. दुय्यम निबंधक बघतो ते हे, की समोरची माणसं तीच आहेत का, शुल्क भरलंय का, सह्या आणि अंगठे झाले का. जो विकतोय त्याला विकायचा हक्क आहे का, याचा निवाडा करणं त्याचं काम नाही. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने अशी पद्धत आणली, की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. तिथे घर घेणं मुख्यतः एका वहीतली नोंद बदलणं असतं. आपल्याकडे १९०८ चा नोंदणी कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यांचा एकत्रित अर्थ असा, की नोंदलेल्या दस्तात जे आहे ते तुम्हाला माहीत होतं असंच धरलं जाईल. आणि दस्तात जे नाही त्याचं काय, ते तुमचं तुम्ही बघा.

मग बँकेचा वकील? तो तपास करतो आणि बरेचदा चांगला करतो. त्याची फी वेगवेगळ्या नावांखाली माझ्याच खिशातून जाते. पण तो काम बँकेसाठी करतो, आणि बँकेला हवं असतं तिचं कर्ज सुरक्षित असणं. कर्ज किमतीच्या ऐंशी टक्के. वरचे वीस टक्के हीच बँकेची ढाल. ती ढाल म्हणजे बाबांचे ९ लाख आणि माझी सात वर्षांची बचत. माझ्या बँकेने त्या वकिलाचा अहवाल मला दाखवलाही नाही. तो अंतर्गत कागद आहे म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

इथवर मी एकटी आले होते. अडले ती शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागे.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे रकाने असतात. सभासदत्व बदललं की तिथे तारीख आणि नवं नाव चढतं. घर १९९४ साली काकांच्या वडिलांनी घेतलं होतं. ते २०१२ मध्ये गेले. २०१४ मध्ये काकांचं नाव लागलं, आणि शेऱ्यात ‘नॉमिनेशननुसार’ असं होतं. मृत्युपत्र नव्हतं. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, हे मी वाचलेलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यातही त्याला तात्पुरता सभासदच म्हटलंय. म्हणून मी काकांना विचारलं, “बाकी वारस कोण कोण?”

“एक बहीण आहे. सांगलीला दिली. तिचं काही नाही.” असं म्हणून त्यांनी फायलीतून एक कागद काढला. शंभर रुपयांचा स्टॅम्प, नोटरीचा लाल शिक्का, आणि ‘माझी काही एक हरकत नाही’ असं लिहून खाली बहिणीची सही.

असे कागद घरोघरी असतात. शिक्का भारदस्त दिसतो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं काम झालं. पण शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर तो दस्त नोंदवावाच लागतो, हे नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये सरळ लिहिलंय. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. बहिणीचा हक्क २०१४ मध्ये जिथे होता तिथेच आजही होता. एवढं मला वाचून कळलं. मात्र आता काय लिहून घ्यायचं आणि कुणाकुणाकडून, हे कळत नव्हतं. म्हणून ती फाइल घेऊन मी एका वकीलबाईंकडे गेले. फी पंचवीस हजार ठरली. त्यात मसुदा, १९९४ पासूनचा शोध आणि वर्तमानपत्रातली नोटीस. नोंदणी, चलन, कर हे सगळं माझं मी करणार.

त्यांनी माझी यादी वाचली. पंधरा मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग काकांना फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर एकच प्रश्न विचारला. “काका, वडिलांच्या आधी कुणी गेलं होतं का? तुमच्या भावंडांपैकी?”

पलीकडे थोडी शांतता. मग काका म्हणाले, “थोरली होती एक. नव्याण्णव साली गेली. बाळंतपणानंतर. पण तिचा इथे काय संबंध?”

थोरलीला एक मुलगा होता. इचलकरंजीला वडिलांकडे वाढलेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गाच्या वारसांची यादी आहे, आणि आधी मरण पावलेल्या मुलीचा मुलगा तिच्यात बसतो. आई जिवंत असती तर तिला जे मिळालं असतं, ते तिच्या माघारी त्याचं. काकांची आईही २०१९ मध्ये वारल्या होत्या. म्हणजे घरात तीन सारखे वाटे होते: काकांचा, सांगलीच्या बहिणीचा आणि या भाच्याचा.

मी वाचलेल्या कुठल्याही कागदावर थोरलीचं नाव नव्हतं. इंडेक्स टूवर नाही, शेअर सर्टिफिकेटवर नाही, २०१४ च्या रेशनकार्डावर नाही. असायला काही कारणही नव्हतं. घर घेतलं तेव्हा तिचं लग्न झालं होतं, आणि सोसायटीत नॉमिनेशन बदललं तेव्हा ती हयात नव्हती. कागद वाचण्याची माझी सगळी पद्धत असलेल्या कागदांवर चालणारी होती. वकीलबाईंना हा प्रश्न कुठल्या कलमाने सुचवला नव्हता. “हक्कसोडाची भांडणं वीस वर्षं बघतेय,” त्या म्हणाल्या. “जिवंत बहिणी लोक लपवत नाहीत हो. गेलेल्या विसरतात.”

जाहीर नोटीस आम्ही दिली. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ने सुरू होणारी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, कुणाचा काही हक्क, हितसंबंध असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. तिला एकही उत्तर आलं नाही. इचलकरंजीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मुलगा पुणे आवृत्तीतल्या नोटिसा कशाला वाचेल? पुढे कोर्टात दाखवायला ती नोटीस उपयोगी असते. त्याला शोधून काढलं ते त्या एका प्रश्नाने.

पुढचे दोन महिने व्यवहार अडकला. काका चिडले. “पंचवीस वर्षांत ना फोन, ना पत्र. आई-वडिलांचं दवाखान्याचं मी केलं. मेंटेनन्स मी भरला. आणि आता हा वाटेकरी?” त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. दवाखान्याची बिलं त्यांनी मला दाखवली. त्यांच्या ओळखीच्या एका एजंटाने मला फोन करून समजावलं, की उगाच उकरून काढू नका, काकांकडून हमीपत्र घ्या, उद्या कुणी उभा राहिला तर ते भरून देतील असं. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हमीपत्राने वाद टळत नाही; वाद झाल्यावर काकांवर दावा लावायचा हक्क तेवढा मिळतो. काका तोवर बंगळुरूला, पैसे फ्लॅटमध्ये गुंतलेले, वय सत्तर. तुम्हाला तो दावा चालवायचाय का?

मला चालवायचा नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत मी घरापेक्षा त्या मुलाचाच विचार जास्त केला. तो माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. मी हमीपत्र घेऊन घरात राहायला गेले असते, तर बहुधा काहीच झालं नसतं. त्याला कधी कळलंच नसतं. धोका लहान होता, आणि तो लहान होता याचं कारणच हे, की त्याला माहीत नव्हतं. आजवर हिशेब मांडताना मी धरलं होतं, की वकील माझ्या बाजूचा म्हणून लागतो. इथे त्याच प्रश्नामुळे तिसऱ्याच कुणाचा तरी हक्क उजेडात आला होता, आणि तो उजेडात आणण्याचे पैसे मी भरले होते.

शेवटी तिघं भेटले, सांगलीला, बहिणीच्या घरी. मी तिथे नव्हते. ठरलं ते एवढंच मला कळवलं: काकांना ४० लाख, बहिणीला १६, भाच्याला १६. कायद्याने तिघांचे २४-२४ झाले असते. काकांनी केलेला खर्च धरून त्यांनी आपापसांत हे मान्य केलं. हे न्याय्य होतं का, ते मला सांगता येणार नाही. वकीलबाईंनी भाच्याला फोन करून, त्याचा कायदेशीर वाटा किती होतो ते स्पष्ट सांगितलं आणि समजलं का म्हणून दोनदा विचारलं. तो म्हणाला, “मला शून्यच माहीत होतं, मॅडम.”

मसुद्यात त्यांनी बहिणीला आणि भाच्याला ‘मान्यता देणार’ केलं नाही. तिघांनाही ‘लिहून देणार’ केलं, क्रमांक एक, दोन, तीन, आणि तिघांचे पैसे तिघांच्या खात्यात वेगवेगळे. कर कापायचे फॉर्मही मग तीन झाले, कारण प्रत्येक विकणाऱ्यासाठी वेगळा भरावा लागतो: ४० हजार, १६ हजार, १६ हजार. एकूण किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे एकेकाचा वाटा कमी असूनही तो कापावाच लागतो. ते फॉर्म मी एका रविवारी बसून भरले. त्यांना कुणाची मदत लागली नाही.

नोंदणीच्या दिवशी भाचा रात्रीच्या एसटीने आला. मामा-भाचे एका बाकावर बसले होते, मध्ये मावशी. टोकन क्रमांकाला अजून तास होता. काकांनी तिघांसाठी चहा सांगितला. मग एकेकाचा फोटो, अंगठा, सही. दस्तात एका परिच्छेदात थोरलीचं नाव आलं, आधी ‘कै.’ लावून, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. तिच्या वडिलांच्या घराच्या कागदांत ते पहिल्यांदाच येत होतं.

आता ऑफिसात कुणी विचारलं, की वकिलाशिवाय घर घेता येतं का, तर मी दोन भाग करून सांगते. शोध, चलन, करकपात, सोसायटीशी पत्रव्यवहार, बँकेत खेटे, हे सगळं स्वतः करा. नुसते पैसे वाचतात म्हणून नाही, तर ते करताना घर कळतं. एजंट नसला तरी चालतं. पण टोकन देण्याआधी एका दुपारपुरता तरी असा माणूस गाठा, ज्याची फी व्यवहार होण्यावर अवलंबून नाही आणि ज्याने असे व्यवहार मोडलेले पाहिलेत. आपली सगळी फाइल त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, यात काय नाही? बिल्डरचं नवं घर असेल आणि जमिनीचा इतिहास सरळ असेल, तर कदाचित तो म्हणेल, काही राहिलं नाही. तेवढं ऐकण्यासाठी दिलेले पैसेही वाया जात नाहीत.

घराचा ताबा मिळाल्यावर आई-बाबा आठवडाभर राहायला आले. बाबांनी सगळे नळ उघडून पाहिले. आईला मी फोनवर आमच्या दस्ताची इंडेक्स टू दाखवली. तिने चष्मा लावून तिन्ही नावं वाचली. मग विचारलं, बहिणीला किती आले? पोराला किती? त्याचे यायचे पैसे कुणी दिले? ते मला ठाऊक नव्हतं.

“माझापण निघतो का यावर?” तिने विचारलं.

मी वाळवा तालुका निवडला, गाव निवडलं, २००९ घातलं. तिने ते पान खालीवर सरकवून पूर्ण वाचलं. शून्यावर ती थांबली नाही. थांबली ती बहिणींच्या नावांवर. चौघींपैकी दोघी आता नाहीत. मग फोन माझ्याकडे देत म्हणाली, “याची एक प्रिंट काढून दे मला.”